उतारावर बांधलेल्या व्हॅनची फेरतपासणी होणेबाबत

प्रति,
मा. वाहन निरीक्षण अधिकारी,
वर्गबदल शाखा, वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : जुन्या मालवाहू व्हॅनचे राहत्या गाडीत रूपांतर. फेरतपासणी कार्यालयाच्या मैदानाऐवजी अर्जदाराच्या गल्लीत होणेबाबत.

संदर्भ : आपल्या निरीक्षकांचा दि. ३ चा अहवाल, शेरा क्र. ४, 'सुतारकाम सदोष'.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदाराने गेल्या वर्षी अंडी वाहणारी एक जुनी व्हॅन विकत घेतली. तिच्यात पलंग, ओटा आणि कपाट बसवून बायकोसह चार गावे पाहावीत, हा हेतू. या विषयावरचे दीडशेच्या वर व्हिडिओ पाहून झाल्यामुळे अर्जदार स्वतःस जाणकार समजत असे. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की आवळतो, हे त्याला आजही दर वेळी नव्याने शोधावे लागते. सबब सर्व काम अर्जदाराच्या मामांनी केले. मामा एकेचाळीस वर्षे सुतार आहेत. त्यांनी बसवलेले दार आजवर कोणाला दुसऱ्यांदा ढकलावे लागलेले नाही.

२. व्हॅन अर्जदाराच्या घरापुढे, गल्लीच्या वरच्या टोकाला, तोंड वर करून उभी होती. पहिल्याच दिवशी मामांनी व्हॅनच्या जमिनीवर पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे ती काचनळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की काम सपाट ठरते. बुडबुडा पुढे पळाला. जमीन मागच्या अंगाला चांगली चार बोटे खाली निघाली. मामांनी विचारले, "भाचेबुवा, गाडी सपाटीवर उभी आहे ना रे?" अर्जदार त्या वेळी एकशे बारावा व्हिडिओ पाहत होता. मान वर न करता तो म्हणाला, "एकदम सपाट, मामा." मामा म्हणाले, "मग कारखान्यानेच गाडी वाकडी काढलीय. असू दे, आपण सरळ करू." आणि त्यांनी पलंग, ओटा, कपाट सगळे मागून चार बोटे उचलून बसवले. बुडबुडा मधोमध आला. अर्जदाराने कारखान्याला दोन शिव्याही दिल्या.

३. दि. ३ रोजी व्हॅन आपल्या मैदानात आणण्यात आली. आपले मैदान सपाट आहे, ही बाब अर्जदारास मान्य आहे. तेथे पलंगाखालचे तिन्ही खण आपोआप उघडले. बेसिनमधले पाणी भोकाकडे न जाता समोरच्या कोपऱ्यात जमून शांत बसले. निरीक्षकसाहेब पलंगाची लांबी पाहण्यासाठी आडवे झाले, ते फाइलसकट हळूहळू ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आले. त्यांनी घसरत असतानाही नोंद घेणे थांबवले नाही, याबद्दल अर्जदारास आदर आहे. अर्जदाराने तातडीने पुढच्या चाकांखाली दोन फळ्या सारल्या. साहेबांनी विचारले, "गाडी चालायला लागली की या फळ्या कोण धरून पळणार?" अर्जदाराने बायकोकडे पाहिले. बायकोने पाहिले नाही.

४. शेरा क्र. ४ मामांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. त्या दिवसापासून त्यांनी तीन गिऱ्हाइकांना "दुसरा सुतार बघा, माझी नजर गेली" असे सांगितले असून हत्यारांची पेटी विकायला काढली आहे. रोज सकाळी ते गल्लीत येतात, उभ्या व्हॅनमध्ये चढतात, पलंगावर पाणसळ ठेवतात. बुडबुडा मधोमध असतो. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहतात आणि घरी जातात.

५. अर्जदारास खरा प्रकार अहवालाच्या दुसऱ्या दिवशी कळला. दारात त्याच्या हातून एक संत्रे निसटले, ते गल्लीच्या खालच्या टोकाच्या किराणा दुकानात जाऊन थांबले. दुकानदारकाका म्हणाले, "लहानपणापासून तुझे चेंडू माझ्याच दुकानात येतायत. तुला काय वाटलं, मी बोलावत होतो?" अर्जदार या गल्लीत एकोणतीस वर्षे राहतो. त्याच्या पत्त्यात 'वरची गल्ली' असे छापील अक्षरात आहे.

६. तरी कृपया फेरतपासणी आमच्या गल्लीत व्हावी. तेथे व्हॅनमधले सर्व काम केसभरही हललेले आढळणार नाही. ते नियमात बसत नसल्यास 'फक्त उतारावर वापरण्यासाठी' अशी अट घालून नोंदणी करावी. शहरात चार बोटांचा उतार असलेल्या अकरा जागा अर्जदाराने शोधल्या आहेत. पैकी एक इस्पितळात स्ट्रेचर चढवण्याची आहे, पण दुपारी ती रिकामी असते. बायकोच्या मते या अकरा जागा पाहणे म्हणजे देश पाहणे नव्हे. तिचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे.

७. वरीलपैकी काहीच शक्य नसेल, तर अर्जदाराची व्हॅन खुशाल नापास करावी. तीस दिवसांत पलंग काढण्याची आपली नोटीसही तो पाळेल आणि व्हॅन पुन्हा अंडी वाहील. मात्र शेरा क्र. ४ खोडून त्या जागी असे लिहावे, ही हात जोडून विनंती : 'सुतारकाम निर्दोष. मामांनी विचारले होते. अर्जदाराने न पाहता उत्तर दिले.'

८. हे मामांना तोंडाने का सांगितले नाही, असा प्रश्न आपणास पडेल. तो बायकोलाही पडला. ती म्हणाली, "साहेबांना पानंच्या पानं लिहिता, आणि मामांना एक वाक्य बोलवत नाही." अर्जदार तीन वेळा मामांच्या दारापर्यंत गेला. एकदा आतही गेला, पण मामींनी चहा दिला आणि तो पिऊन परत आला. पेटीला गिऱ्हाईक रविवारी येणार आहे. अर्ज आज गुरुवारी देत आहे.

आपला नम्र,
आणि ही सही तरी सपाट टेबलावर करणारा,
(सही)
अर्जदार, वरची गल्ली
दिनांक : १२

सोबत :
१. तपासणी अहवालाची प्रत.
२. अकरा उतारांची यादी, इस्पितळाच्या वेळांसह.
३. किराणा दुकानदारांचा लेखी जबाब व त्यांच्याकडे जमा असलेले चेंडू, नग सात.

प्रत माहितीसाठी सविनय सादर :
मामा. (समक्ष देणार. या वेळी चहाच्या आधी.)