दवाखान्यात जाण्याआधीची अंघोळ

तोंगयोंग

ती. ताईला धाकट्या मालसुनचा वाकून नमस्कार. मोक्पोची थंडी कशी आहे? गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत. (सगळे म्हणजे मी सोडून. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू जाईपर्यंत अख्ख्या तोंगयोंगला कळलं असतं.)

तर ताई, मला खाज सुटली. साधीसुधी नव्हे, अंथरुणाला पाठ टेकली की बोटांच्या बेचक्यांतून सुरू व्हायची ती पार पोटापर्यंत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कातडी कोरडी पडलीय म्हणून क्रीम दिलं. पण आमची सूनबाई हेवॉन हुशार (आहेच, तोंडावर कोण म्हणतंय!). म्हणाली, आई, नक्की काय ते कळेपर्यंत बाळाला घेऊ नका. अगं, पुढच्या महिन्यात नातवाला जन्मून शंभर दिवस भरतायत, त्याचा सोहळा, आणि आजीनं त्याला लांबून टाटा करायचा? मी रडलेच.

मग कातडीच्या डॉक्टर प्योबाईंकडे जायचं ठरलं. आता डॉक्टरसमोर मळक्या अंगानं कसं जायचं? आदल्या दिवशी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात तासभर कढत पाण्यात बसले आणि तिथल्या अंग घासणाऱ्या बाईकडून अंग असं घासून घेतलं की सोललेला बटाटा बरा. प्योबाईंनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर काहीच नाही! मी सुनेकडे विजयी मुद्रेनं बघतेय तोच बाईंनी विचारलं, आजी, अंघोळ कधी केलीत? मी ऐटीत हात पुढे केले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, पुरावाच धुऊन आलात की!"

पण बाई हटल्या नाहीत. बेचक्यांतला उरलासुरला कोंडा टिपून जनुकीय तपासणीला पाठवला. आणि काय सांगू ताई! किडा दिसला नाही, अंडं दिसलं नाही, तरी कणभर अवशेषावरून त्याचं कूळ शोधून काढलं! खरूज. (माझ्या सासूला चाळीस वर्षांत माझं माहेर धड सांगता आलं नाही.) रोग झाल्याचं दुःख राहिलं बाजूला, त्या तपासणीचं कौतुकच वाटत राहिलं. आता घरात सगळे मानेपासून तळव्यापर्यंत मलम चोपडून बसलेत, मुलगासुद्धा, कुरकुरत. दुसऱ्या खेपेचं मलम झालं की बाळ माझ्या मांडीवर!

तुझी,
मालसुन

ता. क. कोबीचं तिखट लोणचं, किमची, घालायला आलीस तेव्हा आठवडाभर आपण एकाच रजईत झोपलो होतो. मिरचीनं हात खाजतात म्हणतेस ना, ती खाज मिरचीची नव्हे गं बाई. तुझा मुलगा मान्हो तुला दवाखान्यात नेईल, त्याला सांगून ठेवलंय. रागावू नकोस. तुझ्याशिवाय बाळाचे शंभर दिवस कसले?

आणखी एक. बाळाला आधी मीच घेणार. तुझं मलम माझ्यानंतर संपतं, त्याला मी तरी काय करू?