धनुष्य मुकं करताना

आई, आधी माझी एक गंभीर तक्रार ऐकून घे. या देशात शांतता अशा प्लॅस्टिकच्या पाकिटात विकतात की ते फोडताना शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. आत शेंगदाण्याएवढे दोन रबराचे गट्टू, बाहेर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत शांततेची ग्वाही, आणि पाकीट मात्र तिजोरीसारखं. मी कात्री लावली, कात्री वाकली. सुरी लावली, अंगठा कापला. पुढे दात वापरले की नाही ते तुला सांगत नाही, कारण तू अजूनही ओरडशील. शेवटी पाकीट एवढा मोठा फटाका वाजवून फुटलं की बेसमेंटमधून मुलगी ओरडली, "बाबा, आर यू ओके?" आवाज बंद करायच्या वस्तूने माझ्या घरात केलेला हा आवाज मी इथे अधिकृतपणे नोंदवून ठेवतो.

ते गट्टू दोरीसाठी होते. क्रॉसबो नावाचं प्रकरण तू कधी पाहिलं नाहीस. बंदुकीच्या दस्त्यावर धनुष्य आडवं बसवावं, तसं दिसतं ते. दोरी मागे ओढून खाचेत अडकवायची, दुर्बिणीतून बघायचं, घोडा दाबायचा. माझ्या हातात हे कसं आलं, असं तू विचारशील. पन्नाशीच्या आसपास इथले पुरुष एकतर धावायला लागतात नाहीतर पाव भाजायला लागतात. मी झाडावर चढून बसायला लागलो. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी ओळख झाली. ग्वेल्फ शहराच्या बाहेर त्याचं शेत आहे, शेतामागे रान, रानात ओढा. "तुमच्याकडे काय मारता?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "डास." तो एवढा हसला की त्याने मला शेतावर बोलावलं. शिकारीची परीक्षा दिली, लायसन काढलं, आणि बांधावरच्या मेपलच्या झाडावर बांधलेल्या मचाणावर पानगळीत जाऊन बसायला लागलो.

मागच्या वर्षी एक हरिणी आली. मान वर, कान माझ्या दिशेला. मी घोडा दाबला. धनुष्य ठण्ण करून वाजलं, माझ्या गालाला दस्त्याची थरथर जाणवली, आणि बाण पोचायच्या आत ती खाली वाकली. हरणं बाण चुकवत नाहीत, आई. ती पळण्यासाठी पाय दुमडतात, म्हणून पाठ खाली जाते आणि बाण भलतीकडे लागतो. जिथे लागला तिथे लागल्यावर प्राणी लगेच मरत नाही. म्हातारा शेताच्या दुसऱ्या टोकाच्या त्याच्या मचाणावरून उतरून आला. संध्याकाळभर आणि दुसरा अख्खा दिवस आम्ही दलदल तुडवली. त्याचा गुडघा सुजला, त्याने शिकारीचा तो ऋतू तिथेच सोडला. चौथ्या दिवशी त्याला कावळ्यांवरून ती सापडली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "टुक हर अ व्हाइल, बड." तिला वेळ लागला. मी तेव्हा ऑफिसात होतो, समोर सॉसच्या बाटल्यांचे नमुने होते. मी हो म्हणालो आणि बाटल्यांवर लेबलं चिकटवत बसलो.

मग वर्षभर मी आवाजाच्या मागे लागलो. सगळे म्हणतात, धनुष्याचा आवाज दाबा, हरीण गाफील राहतं. दोरीवर गट्टू बसवले. धनुष्याच्या दोन्ही पात्यांना रबर लावलं. दोरीला मेण चोळलं. एकेक स्क्रू आवळला, दुर्बिणीचा सुद्धा, कारण सैल स्क्रू बाणाबरोबर किणकिणतो. बाण जड घेतले. जड बाण दोरीचा जोर स्वतःबरोबर घेऊन जातो, मागे थरथरायला कमी उरतो. दस्त्याला तुझ्या एका जुन्या लोकरीच्या शालीचा तुकडा चिकटवला, माफ कर. गराजमध्ये फोमच्या ठोकळ्यावर बाण सोडायचो आणि मुलीला माझ्या पाठीमागे दुसऱ्या टोकाला उभं करून विचारायचो, ऐकू आलं का?

"येस," ती म्हणायची.

"आत्ता?"

"येस, बाबा. स्टिल येस. पण आता ते सॉरी म्हटल्यासारखं वाजतं."

एकदा ती म्हणाली, "सो बेसिकली, तुम्हाला तिला कळायला नकोय. दॅट्स द होल पॉइंट?"

"तिला त्रास व्हायला नको."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

मी तिला म्हटलं, तुझी आजी असंच करायची. आणि तुझी गोष्ट सांगितली, आई. नाताळाच्या आधी आपल्या वाडीत कोंबड्या कापायच्या असायच्या. तू सुरीला धार लावायला विहिरीपलीकडे केळींच्या मागे जायचीस. दगड तिथेच ठेवलेला असायचा. मी एकदा शहाणपणा करून, तुझे कष्ट वाचावेत म्हणून, सुरी घेऊन अंगणातच खुराड्यापाशी बसलो आणि घासायला लागलो. तू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत येतेस, माझ्या पाठीत एक धपाटा बसतो. "मेल्या, त्यांना कान नाय काय?" तेवढंच. पीठ माझ्या शर्टावर पाच बोटं उमटवून राहतं. मुलीला हे फार आवडलं. "ओके, आजी वॉज कूल," ती म्हणाली, आणि मला वाटलं, झालं, आपली बाजू पक्की झाली. मेलेल्या आईला साक्षीला उभं केलं की उलटतपासणी कोण घेणार?

पण झोप लागत नव्हती. कारण तू गेलीस तेव्हा ताईचा फोन आला होता, आणि ती रडता रडता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "शांत गेली रे. कुणाला कळलंसुद्धा नाही." नंतर मावशी तेच म्हणाली, फादर तेच म्हणाले. मीही इथे लोकांना तेच सांगितलं, फार छान वाटायचं ते सांगायला. कोणालाच कळलं नाही, म्हणजे कोणालाच काही करावं लागलं नाही. दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते आणि तू तुझ्या खोलीत एकटी होतीस. तू हाक मारली होतीस का, हे कोणाला माहीत आहे? आवाज आला नाही याचा अर्थ तुला त्रास झाला नाही असा आम्ही लावला, कारण तो अर्थ आमच्या सोयीचा होता. धनुष्याच्या दोरीला मेण चोळताना हे डोक्यात यायचं आणि मी आणखी जोरात चोळायचो.

यंदा ती वेळ आली. सकाळ, वारा नाही, पानांवर दहिवर. म्हातारा गुडघ्याला पट्टा बांधून त्याच्या टोकाला बसलेला. ओढ्याकडून एक हरिणी आली, एकटी. मान खाली, ओकची फळं वेचत, चालत माझ्या मचाणाच्या जवळ, इतकी जवळ की चघळल्याचा आवाज येत होता. कोणीही शहाणा शिकारी ज्याची वाट बघतो ते सगळं. तिला माझा वास नाही, संशय नाही, अंग आडवं, कान सैल. मी धनुष्य उचललं. सुरक्षेचा खटका सरकवला, त्यालाही मी तेल दिलं होतं, त्याने हूं की चूं केलं नाही. वर्षभर मी जे घडवलं होतं ते माझ्या हातात होतं. आता तिला काहीच कळणार नव्हतं.

आणि मी बोललो. मोठ्याने नाही, पण बोललो. "झालं हां, झालं बाय."

हे तुझे शब्द. पायातला काटा काढताना आम्हाला म्हणायचीस, गुडघ्यावर आयोडीन लावताना म्हणायचीस, आणि केळींच्या मागे कोंबडी काखेत धरून, तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणायचीस. मुलीला गोष्ट सांगताना हा भाग माझ्याकडून सुटला होता. सुरी ऐकू येऊ नये म्हणून तू लांब जायचीस हे खरं, पण तिथे तू गप्प नसायचीस. तिच्या कानात तुझा आवाज असायचा, शेवटपर्यंत. तिला फसवत होतीस की सोबत करत होतीस, हे मला आजही ठरवता येत नाही. तुलाही येत नसावं, कारण त्या दिवशी तू स्वतः रस्सा कधीच घ्यायची नाहीस, नुसता भात आणि लोणचं.

हरिणीने मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं. पुढचा एक पाय जमिनीवर आपटला, नाकातून जोरात फुत्कारली, आणि शेपटीचं पांढरं फडकं उभारून ओढ्यापार गेली. जाताना एवढा पाचोळा उडवला की अख्ख्या रानाला कळलं.

खाली उतरल्यावर एक काम करावं लागतं. ताणलेलं धनुष्य तसंच घरी नेता येत नाही, एक जुना बाण मऊ जमिनीत सोडून दोरी मोकळी करायची. मी सोडला. खरंच फार कमी आवाज झाला, आई. चांगलं काम केलं होतं मी.

म्हातारा लंगडत आला. वारा नव्हता, माझे शब्द त्याच्या टोकापर्यंत गेले होते. "कोणाशी बोलत होतास?"

"चुकून निघालं तोंडातून."

त्याने धनुष्याकडे पाहिलं, दस्त्यावरच्या शालीच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. "जीझस, बड. क्वाएटेस्ट बो इन द काउंटी, आणि त्यामागे सगळ्यात बडबड्या माणूस." मग बराच हसला, खोकला येईपर्यंत. घरी मुलीलाही मी तेच सांगितलं, चुकून निघालं. तिने फक्त "अच्छा" म्हटलं. ती मराठीत एक शब्द बोलली की मी सावध होतो.

ते चुकून नव्हतं. हे फक्त तुला सांगतोय, आणि तेही अशा कागदावर जो कुठल्याच टपालपेटीत पडणार नाही.

ऋतू संपला की मचाणं बर्फाआधी उतरवायची असतात, नाहीतर ती झाडाला बांधायचे पट्टे कुजतात. त्या गुडघ्याने त्याला झाडावर चढणं जमणार नव्हतं, आणि तो मदत मागणारही नव्हता. आज रविवार. तो मिस्साला गेला तेव्हा मी गेलो नाही, त्याच्या शेतावर गेलो. आधी त्याचं मचाण उतरवलं, मग माझं. मचाणांच्या शिड्या खांद्यावर घेऊन धान्याच्या कोठारात नेऊन भिंतीला लावल्या, पट्टे गुंडाळून खिळ्याला अडकवले. आणि तो परत यायच्या आत निघालो.