दस्तगीरचा हुंदका

साखरा तांडा, ता. सेनगाव
मंगळवार

प्रिय भिया,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं आहे, त्यावर जाऊ नकोस. मी रागात आहे. नांदेडहून परतल्यापासून रागात आहे, आणि हळद शिजवायच्या गडबडीतसुद्धा तो राग उतरला नाही. तुला फोन करता आला असता, पण तुझा फोन तुझी ती मॅनेजर बाई उचलते आणि 'ताई, सर साउंड चेकमध्ये आहेत' एवढं सांगून ठेवून देते. शिवाय फोनवर तुझ्याशी भांडायला लागले की दुसऱ्याच वाक्याला मला रडू येतं आणि तू जिंकतोस. म्हणून कागदावर भांडते आहे. आता मी वर्गभर पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवणारी बाई आहे, तुझ्या मागं मागं फिरणारी शेंबडी मिरा नाही, हे ध्यानात ठेवून वाच.

तुझ्या दौऱ्याचं पोस्टर कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्याला लागलं होतं. 'फोक-रॉकचा बादशहा भीमसिंग, निरोपाचा नाट्यगृह दौरा' आणि खाली गावांची नावं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, नांदेड. आपल्या हिंगोलीचं नाव नव्हतं. ते पोस्टर आधी दस्तगीरनं पाहिलं. ढाबेवाल्याकडून मागून आणलं आणि आपल्या दुकानात लावलं. तेच रेडिओ दुरुस्तीचं दुकान, जिथं तू शाळा बुडवून बसायचास. आता तिथं मोबाईल दुरुस्त होतात, पण खुर्ची तीच आहे आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पोस्टर दाखवून सांगतो, 'ह्यो माझा दोस्त.' गुडघे गेलेत त्याचे. तरी म्हणाला, 'मिरा, मला नेशील का? एकदा समोर बसून ऐकायचंय त्याला.' म्हणून आम्ही गेलो. मी, दस्तगीर आणि माझी लेक पुनम. तिकिटं पुनमनं मोबाईलवर काढली, कारण तुला पास मागायची मला लाज वाटली.

रविवारचा दुपारचा प्रयोग होता. नाट्यगृह गच्च भरलेलं. पडदा वर गेला आणि तू उभा होतास, पांढरी दाढी, गळ्यात गिटार, अंगात आरशांचं जाकीट. पुढच्या रांगेतल्या बायका 'काय सुंदर भरतकाम' म्हणत होत्या. भिया, ती आपल्या बायकांची कांचळी आहे. बाईच्या अंगावरची चोळी उसवून तू छातीवर शिवून घेतलीस आणि नांदेडात मिरवतोस. मला हसू आलं होतं. तोवर मला राग आला नव्हता, उलट चांगलंच वाटत होतं. आवाज आहे तुझा अजून, हे कबूल करते, नाहीतर म्हणशील बहीण जळते. खर्ज तर आधीपेक्षा छान लागतो. मागं ती तरणी पोरं ड्रम बडवत होती, कोपऱ्यात आपला नंगारा नुसता शोभेला ठेवला होता, ते सोड. दस्तगीर मांडीवर ठेका धरून बसला होता आणि त्याला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग ते गाणं आलं. ज्या गाण्यानं तू भीमसिंग झालास, ते. दिवे मंद झाले आणि तू लोकांना सांगितलंस की आता एक 'बंजारा वेडिंग साँग' ऐकवतो. लग्नाचं गाणं म्हणे. तुला माहीत आहे, ढावलो हे गाणं नाही. ढावलो गायचा नसतो, रडायचा असतो. नवरी मुलगी लग्नाच्या आधी म्हाताऱ्या बायकांपाशी बसून तो शिकते, आणि निघायच्या दिवशी एकेकाच्या गळ्यात पडून तो रडते. आईच्या गळ्यात आईचा, बापाच्या गळ्यात बापाचा, भावाच्या गळ्यात भावाचा. ज्याच्या गळ्यात ती पडली त्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही, डोक्यावर हात ठेवून उभं राहायचं. त्यावर टाळ्या वाजवत नाहीत आणि त्याला वन्स मोअर मागत नाहीत. हे सगळं गाणं करून नेलंस तेव्हाच मला लागलं होतं. त्यातला 'भिया' हा शब्द काढून तू 'साजणा' घातलास तेव्हा तर जास्तच. तुझ्या दारातला लिंब मला उद्या ओळखेल का, हे मी भावाला विचारलं होतं. तू ते एका प्रेयसीच्या तोंडी घातलंस, कारण भावाला विचारलेलं कोण विकत घेणार. माझ्या सासरी पोरं ते गाणं लावून माझ्याकडं बघून हसायची. ते सोसलं. भाऊ मोठा झाला, घर चाललं, बापूच्या दवाखान्याला तुझे पैसे आले, म्हणून सोसलं आणि तुला कधी चकार शब्द बोलले नाही.

पण नांदेडला तू जे सांगितलंस ते सोसायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू म्हणालास, माझ्या बहिणीच्या लग्नात ती माझ्या गळ्यात पडली, माझा सदरा तिच्या आसवांनी भिजला, आणि आज पहिल्यांदा त्या क्षणाचा खराखुरा आवाज मी तुम्हाला ऐकवणार आहे. तिचं रडणं आणि माझा हुंदका. मग तुझ्या पोरानं कॉम्प्युटरवरचं काहीतरी दाबलं आणि अख्ख्या नाट्यगृहात मी रडायला लागले. माझा वीस वर्षांचा आवाज. आणि त्या आवाजाच्या मागं एका बाप्याचा हुंदका. लोकांनी मोबाईलचे दिवे लावून हात वर केले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, किती नशीबवान बहीण असेल हो. आणि दस्तगीरचा मांडीवरचा हात थांबला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 'मिरा, ह्यो तर मी हाय.'

तू विसरला असशील तर सांगते, कारण तू तिथं नव्हतासच. तुझ्या मुंबईच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची तारीख आणि माझ्या लग्नाची तारीख एकच निघाली, आणि तुझी तार आली, येणं होत नाही, सुखी राहा. बापू तरीही शेवटच्या एस.टी.ची वाट बघत सेनगावच्या स्टँडवर थांबून आला. निघायची वेळ झाली. मी याडीच्या गळ्यात आईचा रडले, बापूच्या गळ्यात बापाचा रडले, काकाच्या रडले, आणि भावाची पाळी आली तर समोर कोणी नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भावाचा ढावलो गाळून पुढं जाता येत नाही. आपल्या तांड्यात तो गाळला तर पोरीचं माहेर तुटलं असं धरतात. मी हात पसरून तशीच उभी होते, भिया. तेव्हा दस्तगीर पुढं आला. तो लाउडस्पीकरची वायर जोडायला आला होता, आणि तुला ऐकता यावं म्हणून त्यानं दुकानातला टेपरेकॉर्डर बाजेवर चालू करून ठेवला होता. तांड्याच्या नायकानं तोंड वाकडं केलं. याडी म्हणाली, 'उभा राहू द्या त्याला. माझ्या हातची भाकर खाल्ली त्यानं.' तो येऊन उभा राहिला आणि मी त्याच्या गळ्यात पडून तुझं नाव घेऊन रडले. त्याला बिचाऱ्याला गप्प राहायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला रडू फुटलं. तीच कॅसेट त्यानं स्वतः तुला पोस्टानं पाठवली. तुझ्या बहिणीचं रडणं तुझ्यापर्यंत पोचावं, एवढ्याचसाठी.

तू ती ऐकलीस आणि तुला चाल सापडली. मला बाकी काही कळत नाही, पण ती ऐकून दुसऱ्या दिवशीची गाडी धरावी असं तुला वाटलं कसं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. गाडी नाही धरलीस ते नाही धरलीस. आता म्हातारपणी, इतकं सगळं मिळाल्यावर, त्या गरिबाचा हुंदकासुद्धा तुला स्वतःचा म्हणून लोकांना विकावासा वाटला. हुंदका चोरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझा सख्खा भाऊ निघाला.

मी विंगेत तुला भेटायला आले नाही, ते मुद्दाम. पुनम आली, तुझ्यासोबत फोटो काढला, आणि भोळेपणानं सांगून बसली की वैशाखात माझं लग्न आहे, तांड्यावर. इकडं जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, मामा तेव्हा किती रडला असेल ना गं. दस्तगीर खिडकीबाहेर बघत होता. तसाच म्हणाला, 'जाऊ दे मिरा. ष्टेजवर मानूस कायबी बोलून जातो. त्याला तकलीफ नको देऊ.' त्याच्या या बोलण्यानं माझा राग दुप्पट झाला. मी पुनमला सगळं सांगितलं, जसं तुला आता लिहिलं तसंच. वारंगा फाटा आला. मग तिनं मोबाईल काढला आणि तुझ्यासोबतचा तो फोटो जिथं जिथं टाकला होता तिथून काढून टाकला. मी काढ म्हटलं नव्हतं.

आणि चौथ्या दिवशी तुझ्या मॅनेजर बाईचा फोन. सरांच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम तांड्यावरच करू, भाचीच्या लग्नात, चार कॅमेरे लावू, नवरी ढावलो म्हणेल आणि सर गिटारवर साथ देतील, फार इमोशनल होईल. मी विचारलं, हे सर म्हणाले का? ती म्हणाली, कल्पना सरांचीच आहे. भिया, खरं सांगते, त्या वेळी तू समोर असतास तर हळदीच्या कढईतला झारा मी तुझ्या पाठीत घातला असता. माझा ढावलो नेलास. दस्तगीरचा हुंदका नेलास. आता माझ्या लेकीचं रडणं पण तुला पाहिजे? तांड्यावरच्या पोरी आज ढावलो शिकतच नाहीत, का माहीत आहे? तुझ्या गाण्याचं डीजेवाल्यांनी जे काही केलं आहे त्यावर नवरीसकट सगळ्या नाचतात. नवरीनं रडायला तोंड उघडलं की पोरं तुझी चाल धरून टाळ्या वाजवायला लागतात. मागच्या वर्षी मोहनसिंगच्या पोरीचं तेच झालं. ती रडता रडता हसायला लागली आणि मग तिला रडताच आलं नाही, तशीच गाडीत बसली. तिच्या आईनं मला विचारलं, 'तुझ्या भावाला इतकी लेकरं हसवून काय मिळून राहिलं?'

त्या बाईला मी नाही म्हणून सांगितलं आहे. तुझे कॅमेरे तांड्याच्या फाट्यावर दिसले तरी मी पोरं सोडीन अंगावर, आणि माझ्या वर्गातली पोरं दगड मारण्यात हुशार आहेत. नायकालाही सांगून ठेवलं आहे. दस्तगीर मात्र तुझ्या बाजूनं बोलतोय, ते तुला कळावं म्हणून लिहिते, आणि तुला लाज वाटावी म्हणूनही.

हे पत्र एवढ्यावर संपवून मी काल पाकिटात घातलं होतं. मग आज सकाळी काढून पुन्हा लिहायला बसले. पुनमनं डीजे रद्द केला आहे आणि ती आठवडाभर याडीपाशी बसून ढावलो शिकते आहे. याडीला आता दिसत नाही, पण शब्द एक चुकत नाही. आज मामाचा भाग आला. पुनमनं विचारलं, मामाच्या जागी दस्तगीरमामाला उभं करू ना? याडी म्हणाली नाही, माझा पोरगा येईल. मी म्हटलं, याडी, तो बाजा घेऊन येईल. ती म्हणाली, 'तू लिही त्याला. नुसता ये म्हणून लिही, बाकी काही लिहू नको.' तिचं अर्धंच ऐकलं मी, बाकीचं तू वाचलंसच. तर ये, भिया. गिटार, जाकीट, ती बाई, काही आणू नकोस. साधा सदरा घालून एस.टी.नं ये. आधी दस्तगीरच्या दुकानात जा, तिथं काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मग तांड्यावर येऊन मामाच्या जागी उभा राहा, पोर गळ्यात पडेल तेव्हा एक सूरही तोंडातून काढू नकोस, डोक्यावर हात ठेव. आणि तिचं झालं की जागचा हलू नकोस. तिच्यानंतर मी येणार आहे. पंचावन्न वर्षांची बाई, लेकीच्या लग्नात आपला ढावलो रडते म्हणून तांडा हसेल, हसू दे. भावाचा ढावलो तेव्हा दस्तगीरच्या गळ्यात पडून रडले, पण तो तुझा होता, आणि तुझ्या गळ्यातला माझा अजून राहिलाच आहे.

भांडण तसंच ठेवून,
तुझीच
मिरा