गोष्टीतला शिवदास

भाईंदर, आषाढ, १९३८

व्याही रामनाथराव यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळाभर मिठागरात उभा होतो. आता मिठाच्या राशी झाकल्या, मजूर गावी गेले आणि मी पुस्तकं घेऊन झोपाळ्यावर पडलोय. त्या पांढऱ्या चकाकीनं डोळे अजून चुरचुरतात, म्हणून शालन वाचते आणि मी ऐकतो. लग्नानंतरचा तिचा पहिला आषाढ माहेरी, हे रीतीनं झालं. पण मला तिला गणपतीपर्यंत ठेवून घ्यायचं होतं. तीच परवानगी मागायला हे पत्र लिहायला घेतलं.

पण माझे कान तिखट. सध्या ती वाचतेय त्या कादंबरीच्या नायकाचं नाव शिवदास, म्हणजे आपल्या चिरंजीवांचंच. पोर नवऱ्याचं नाव कसं घेणार? प्रत्येक ठिकाणी ‘ते’ म्हणून पुढं जाते. आज ‘ते आजारी पडले’ वाचलं आणि तिनं पुस्तकच मिटलं.

“अगं, गोष्टीतला आहे तो,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे, बाबा. आषाढ कधी संपतोय?”

तेव्हा हे पत्र टपालात न टाकता हातीच देईन. श्रावण लागताच तिला घेऊन मीच येतो. पुस्तकही आणतो. उरलेलं जावईबापूंनी मोठ्यानं वाचावं. नाव घ्यायला त्यांची तरी हरकत नसावी.

आपला, अजून सुट्टीवरच असलेला,
धर्माजी