तारेतली खरखर

प्रिय गेणू,

तू बंगळुरास गेल्यापासून तुझ्या पत्रात नुसती तारच असते. जेवतोस काय, निजतोस कुठं, त्याचं नाव न्हाय. तुमच्या प्रयोगशाळेत म्हणे पारा न लावता ताप मोजतात. तारेत वीज सोडली न्हाय तरी तिच्यात आपोआप बारीक खरखर चालू असते, तार तापली की ती वाढते, अन् ती मोजली की ताप कळतो. पुन्हापुन्हा वाचलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मेंढीचा ताप मी कान धरून सांगते. तुमचा एवढा खटाटोप कशाला, असं वाटलं.

पण एक गोष्ट मनात बसली. गार तारसुद्धा पुरती गप्प नसते, असं तू लिहिलंस. हितं तुझा बाप गेल्यापासून घर पार गप्प हाय. मेंढरं विकली. मी चुलीशी बोलते, मग माझाच मला राग येतो. तुझी छबूआत्या येते ती टोमणे मारायलाच.

म्हणून उन्हाळ्यात एकदा इंदापूरच्या सडकेला तारेच्या खांबाला कान लावला. म्हटलं, बघू तरी तुझी खरखर. चांगली घूं घूं ऐकू आली. मागनं पणदऱ्याचा जोतीराम मेंढरं घेऊन आला. तुझ्या बापाबरोबर कोकणात जायचा तो. त्याची बायको मागंच वारली. म्हणाला, "काय म्हाळसाबाई, लेक काय म्हणतोय?" मी खेकसले. तर हसला न्हाय. दुसऱ्या बाजूनं त्यानंबी कान लावला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वारा हाय, बाई. पण बरं वाटतं."

तेव्हापासून तो येता-जाता थांबतो. आता आडपडदा न ठेवता लिहिते. येत्या अवसेला मी त्याच्याशी म्होतूर लावतेय. विधवेनं दुसरा दादला करायचा रिवाज आपल्यात हाय, तुला ठाऊक हाय. गावाबाहेर, अंधारात लागंल, सवाष्णी तोंड बघणार न्हाईत. न बघोत. घर-रान तुझं, जाताना किल्ली आत्याकडं ठेवते. ती म्हणते, लेक शिकला आन् आई चळली. तू मोठ्या लोकांत बसतोस, तुला माझी लाज वाटंल, या एका भ्यानं हे पत्र रखडलं. पुढचं पत्र पणदऱ्याला घाल. पत्त्यावर माझ्या नावापुढं कुणाचं नाव लिहायचं ते तुझं तू ठरव. पण घाल.

तुझीच आई,
म्हाळसा