बुधवारी ऑपरेशन

सोमवार, संध्याकाळ

आज फार हलकं वाटतंय. दीड वर्ष हे दुखणं लपवलं. फिशर हा शब्द नवऱ्यासमोरही तोंडून निघत नव्हता. कसा निघणार? रक्त दिसलं की मनात भलतंसलतं यायचं. मलम झालं, इसबगोल झालं, कोमट पाण्यात बसणं झालं. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

काल डाळिंबं निवडताना सासूबाईंनी विचारलंच, "अशी एका बाजूला कलून का बसतीस गं?"

सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला बी व्हतं, धाकटा झाल्यावर. तीन वर्सं कुनाला बोलले न्हाय. तू नको तसं करू."

आणि आज इंदापूरहून एसटीनं माझ्याबरोबर बारामतीला आल्या.

डॉक्टरबाईंनी तपासलं. "घाबरण्यासारखं काही नाही, पण जखम जुनी झालीय. आता मलमानं भरेलसं वाटत नाही. छोटं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. विचार करून सांगा."

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? दुखतंय तुला."

खरंच की. मग मीच म्हणाले, "बुधवारी करा." माझाच आवाज, पण किती ठाम.

परतताना एसटीत जागा असूनही मी उभी राहिले. सासूबाईही उठून शेजारी उभ्या राहिल्या.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा की, गाडी रिकामी हाय."

"राहू दे," त्या म्हणाल्या, "आमी दोघी एकदमच बसनार हाय."