ई-२२३मुक्त हापूस

६ मे २००६, शनिवार
सुपरमार्केटच्या स्क्वॉशचं लेबल वाचलं. ई-२२३, सोडियम मेटाबायसल्फाइट! प्रिझर्व्हेटिव्ह. म्हणजे इतकी वर्षं आपण केमिस्ट्री लॅब पितोय.
संकल्प : घरात ई-२२३ला बंदी. मराठी मंडळाच्या पिकनिकला हापूसचं स्क्वॉश मी स्वतः करणार. शंभर टक्के नॅचरल. मग गणपतीची खाद्यसमिती मला द्यावीच लागेल. सध्या ती यशोधनकडे आहे, आणि त्याचं वरण अख्ख्या बेसिंगस्टोक गावाला माहीत आहे.

७ मे
स्क्वॉश तयार. सुलक्षणा म्हणाली, तिची आई चिमूटभर मेटाबायसल्फाइट घालतेच, नाहीतर आंबतं. सासूबाईंचं वय झालंय. मी साखरही निम्मीच घातली. हेल्थ!
फ्रिजमध्ये जागा नाही. बाटल्या बॉयलरच्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांवर. कोरडं, अंधारं, उबदार. उत्तम.

१२ मे
बाटल्यांत बुडबुडे. सुलक्षणा म्हणते आंबलं. मी म्हणालो, फळ श्वास घेतंय. झाकणं अजून घट्ट केली.

१६ मे, सकाळी
कपाटात धडाम! तीन बाटल्या फुटल्या. या इंग्लंडात काच पूर्वीसारखी राहिली नाही. ऑफिसला पिवळा शर्ट घालून गेलो. काल तो पांढरा होता.
उरलेल्या बाटल्या पिकनिकला पुरतील.

२१ मे, रविवार
पिकनिक. अभूतपूर्व यश!! मंडळाचे अध्यक्ष शशीकाका जन्मात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. ते चार ग्लास प्यायले. मग बाकावर चढून नाट्यगीत म्हणाले. मग कुत्रं फिरवणाऱ्या एका गोऱ्या गृहस्थाला थांबवून, मुलीचं कुठे जमलं का, म्हणून विचारलं. इतके मोकळे ते कधीच नव्हते.
सुप्रभाकाकूंनी काकांचा, म्हणजे नवऱ्याचा, ग्लास हुंगला आणि गाडीची किल्ली काढून घेतली. मग ग्लास पुन्हा हुंगला. चवीने भारावल्या असणार.
सुलक्षणाने पोरांना थेंबही घेऊ दिला नाही. जळते.

२३ मे
काकांचा फोन. आवाज अगदी बारीक. म्हणाले, डोकं अजून दुखतंय, शनिवारच्या मीटिंगला नक्की ये. नक्कीच माझी निवड! भाषण लिहायला घेतलं.

२७ मे, शनिवार
भाषणाची वेळ आली नाही. मला गणपतीत कार पार्किंगची ड्यूटी. यशोधनलाही काढलं, हे त्यातल्या त्यात बरं. खाद्यसमितीसाठी काकूंनी सुलक्षणाचं नाव सुचवलं. मतदान हात वर करून. सुलक्षणाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.
एकमताने निवडून आली.